सुधारणा

सुधारणा आली ती भर दुपारी, हातातला घास हातात असताना. कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला एकुलतं एक झाड होतं. त्याच्या सावलीत टोळीतल्या सगळ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या, आणि फोनवालीच्या कमरेच्या पिशवीत फोन थरथरला. तिनं हात पुसले, फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं, सुधारणा उपलब्ध आहे. खाली दोन चौकोन होते. एकात 'आता', दुसऱ्यात 'नंतर'.

ती अक्षरं लावून लावून वाचायची, पण वाचायची. शेजारी बसलेल्या चिमणीला म्हणाली, "सुधारणा आलीय."

"कुणाची?"

"फोनची."

"मग घे की! फुकटात सुधारतोय तर सुधारू दे. माझा नवरा मार खाऊनसुद्धा सुधारत नाही."

बायका खिदळल्या. त्या हसण्याच्या भरात फोनवालीनं 'आता'वर बोट ठेवलं. तिचं तरी काय चुकलं? शब्द चांगला होता. वाईट शब्द समोर आला की माणूस दहादा विचार करतो, चांगल्या शब्दाला कोण नाही म्हणतं! पडद्यावर एक गोल फिरायला लागला, तो खुरपणी आटोपून बायका घराकडे वळल्या तरी फिरतच होता.

तिला फोनवाली म्हणायचे ते उगाच नाही. आधी ह्या टोळीची म्होरकी थोरली मावशी होती. मावशी भल्या पहाटे उठून शेताशेतातून चालत जायची, बांधावर उभी राहून विचारायची, "हाताला काम आहे का?" आणि दिवस उजाडेपर्यंत बायकांसाठी काहीतरी धरून आणायची. मग फोनवालीच्या धाकट्या भावानं आपल्या बायकोला नवा फोन घेतला आणि तिचा जुना बहिणीला दिला. शेतवाल्यांना सोय झाली. कशाला कुणाच्या चालत येण्याची वाट बघा? ते फोन करायला लागले. बघता बघता सकाळी बायका मावशीच्या दाराऐवजी हिच्या दारात उभ्या राहायला लागल्या. कुणी कुणाला बाजूला केलं नाही, भांडण नाही, तंटा नाही. मावशी एवढंच म्हणाली, "चला, माझ्या पायांची सुटका झाली," आणि गुमान दुसऱ्या बायकांसारखी एक सरी धरून खुरपायला बसली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं, असं फोनवालीला पुष्कळदा वाटायचं.

तर सुधारणेच्या दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, फोन लाल झाला. पूर्वी सकाळी भरलेला फोन दिवेलागण झाली तरी अर्धा शिल्लक असायचा. फोनवालीला वाटलं, रात्री वीज गेली असेल, नीट भरला नसेल. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्याहून लवकर. आणि तापायचा मेला! कमरेला निखारा बांधल्यासारखा. तिनं पिशवी पुढून मागं घेतली, मागून बाजूला घेतली, शेवटी पिशवीखाली जुन्या फडक्याची घडी घातली. आंघोळीच्या वेळी बघते तर कमरेवर फोनाएवढा लाल डाग.

"कुणी बोलत नाही, कुणाशी बोलत नाही, मग आत बसून राबतोय कुणासाठी?" ती घरी नवऱ्याला म्हणाली.

नवरा टोपल्या विणायचा. पाय पसरून, मांडीवर टोपली आडवी घेऊन तो कामट्या ओढत होता. ओसरीवर टोपल्यांची उतरंड लागली होती. काही नव्या, काहींचं नुसतं बूड बदललेलं. सगळ्या बटाट्याच्या काढणीसाठी. "म्हातारा झाला असेल," तो म्हणाला. "माझं नाही का होत तसं? दुपारनंतर मीही लाल होतो."

"थट्टा सुचतेय."

"रडू का मग?"

आतून सासू म्हणाली, "फुकटाचा आहे ना तो? धर्माची गाय अन् दात का गं नाय! गप वापर."

 फोन भावजयीचा उतरलेला, भावानं दिलेला. त्याच्याबद्दल तक्रार करायची म्हणजे भावाबद्दल केल्यासारखं. फोनवालीनं वायर खोचली आणि फोन भिंतीशी टेकवून ठेवला. भरत होता तेवढ्या वेळातही तो तापलेलाच होता.

नेहमीचे दिवस असते तर तिनं एवढा जीव टाकला नसता. पण काढणी तोंडावर आली होती. पलीकडच्या मोठ्या मळ्यावर नजर पोचत नाही एवढा बटाटा लावलेला. कांद्याची खुरपणी संपत आलेली, आणि एकदा पाऊस पडला की मग कितीतरी दिवस कुणी कुणाला कामाला बोलवत नाही. मधली ही काढणी, हीच काय ती ह्या बायकांच्या घरात धान्य भरायची. धाकटा भाऊ मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. महिन्यापूर्वी तो ह्याच ओसरीवर बसून चहा पिता पिता म्हणाला होता, "ताई, यंदा काढणी तुझ्याच टोळीला. माझा शब्द. मालक दिवस ठरवेल, मी तुला घंटी देतो. घंटी आली की निघायचं, ढगांचा नेम नाही."

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ह्याला कडेवर घेऊन तिनं स्वयंपाक केला, कडेवर घेऊन पाणी भरलं. तिची एक बाजू जराशी वाकलेली आहे ती त्यामुळेच, असं सासू म्हणायची. त्याच्या शब्दावर तिनं मिरचीवाल्याच्या तोडणीला नकार कळवला होता. टोळीतल्या बायकांनीही हूं की चूं केलं नव्हतं. सख्खा भाऊ आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

म्हणून तर फोन जागा राहायला हवा होता.

ती जमेल तिथं वायर खोचायला लागली. पिठाच्या गिरणीत दळण ठेवायच्या निमित्तानं फोन ठेवायची. मग दळण संपलं, निमित्त संपलं. कांद्याच्या शेताशेजारी पाण्याच्या मोटारीची खोली होती. तिथला मोटारवाला खाटेवर पडून असायचा. तिनं विचारलं, "एवढा लावू का इथं?"

"लाव की." त्यानं डोळा उघडला. "काल लावलास, आज लावतेस. वीज मालकाची आहे बाई, तुझ्या माहेरची नाही."

"एवढीशी तर पितो."

"एवढीशी एवढीशी म्हणत सगळं गाव पिईल." त्यानं परत डोळा मिटला. "लाव, लाव. उद्या मात्र नको."

ती खुरपायला आली. उकिडवं बसून पुढं सरकताना तिचं लक्ष सारखं त्या खोलीकडे. गवताबरोबर दोन कांदे उपटले गेले. मावशीनं ते उचलून परत मातीत खोचले आणि बोटानं माती दाबली.

बाजाराच्या दिवशी ती काम अर्ध्यावर टाकून दुरुस्तीवाल्याकडे गेली. बायकांना सांगितलं, सासूचं औषध आणायचंय. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या फटीत बसवलेलं टेबल. वर वायरींच्या माळा लोंबत होत्या आणि टेबलावर दिवा. पोरगेलासा माणूस होता, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनच्या पोटात सुई घालत होता.

"सुधारणा घेतलीत ना काकू?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"हा आठवडा सगळे त्यानंच येतायत. नव्या फोनसाठी केलेलं असतं सगळं, ते जुन्यांवरही लादतात. म्हाताऱ्या बैलाला दुप्पट गाडी. ओढून ओढून धाप लागते, दुसरं काय."

"मग तसं लिहायचं ना. सुधारणा कशाला लिहिलं?"

"तसं लिहिलं तर घेईल कोण?"

"पहिल्यासारखा करून दे."

"तेवढं होत नाही. पुढं जाता येतं, मागं नाही येता येत."

त्यानं नखानं फोनचं मागचं झाकण उचकटलं, आणि त्याचं हसू गेलं. आतली बॅटरी मधोमध फुगली होती. पोटात वारा धरलेल्या वासरासारखी. त्यानं ती चिमट्यानं उचलली आणि लांब एका डब्यात ठेवली. "ही कमरेला बांधून फिरत होतात? देवाचे आभार माना. फुटली असती तर काय घ्या. ही आता लावायची नाही."

"लावायची नाही कसं? मला फोन यायचाय!"

"नवी मागवतो. असल्या जुन्याची इथं मिळत नाही. पुढच्या बाजाराला या."

"तोवर?"

"तोवर आतलं कार्ड काढून दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये घाला. आहे की नाही कुणी घरात?"

घरात कुणाकडे फोन नव्हता. गल्लीत होते, पण गल्लीत मागायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत टोळीत बातमी. फोनवालीचा फोन मेला. मग ती कसली फोनवाली? सकाळी बायका हिच्या दारात कशाला येतील? ती तिथं टेबलाशी उभी राहून विचार करत होती आणि मागचं गिऱ्हाईक कोपरानं ढोसत होतं. शेवटी तिनं झाकण परत लावून घेतलं आणि रिकामा फोन पिशवीत टाकला. पिशवी इतकी हलकी झाली होती की चालताना तिला सारखं वाटत होतं, काहीतरी पडलं.

आता धाकट्याला भेटणं आलं. संध्याकाळी ती परस्पर त्याच्या घराकडे वळली. दारात भावजयीच्या भावाचा टेम्पो उभा होता, मागं रिकाम्या टोपल्या रचलेल्या. तिनं त्या बघितल्या. टोपलीवाल्याची बायको, नजर जाणारच. वीण सैल आहे, एवढं मनात आलं, बस्स.

भावजयीनं पाणी दिलं. पाणी देताना ती तांब्याकडेच बघत होती.

"आला नाही का अजून?"

"मळ्यावरच असतात. यायला उशीर होतो."

"काढणीचं काही ठरलं?"

"मला काय ठाऊक त्यांच्या कामातलं? ठरलं की करतील फोन. तुमच्याकडे फोन आहे ना, चालतोय ना चांगला? मी कधी साधा ओरखडा पाडला नव्हता त्याच्यावर."

झालं. तोंडापर्यंत आलेलं फोनवालीनं गिळलं. "चालतोय की," ती म्हणाली. "छान चालतोय." मग उठता उठता म्हणाली, "त्याला म्हणावं, ताई वाट बघतेय. जमलं तर घरी येऊन सांग."

"सांगते," भावजय म्हणाली.

वाटेत तिनं स्वतःची समजूत घातली. फोन लागला नाही तर तो काय गप्प बसेल? बंद लागला की कळेल त्याला. ट्रॅक्टर घेऊन दारात येईल, कडेवर वाढलेलं पोर आहे. ह्या समजुतीवर तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ढग उतरले. वारा पडला, अंगाला घाम चिकटून राहिला आणि माश्या हटेनात. कांद्याचा शेवटचा तुकडा राहिला होता. बायकांचे हात खुरप्यावर आणि डोळे आभाळावर. मावशी कंबर सरळ करायला उभी राहिली आणि फोनवालीला म्हणाली, "काय गं, मळ्याचं काय? बटाटा आणखी ठेवला तर जमिनीतच कुजेल. मालक इतका वेडा नाही."

"येईल फोन."

"मी जाऊन येऊ का चालत? तासाभराचं तर काम. पायांना गंज चढलाय, तेवढाच उतरेल."

मावशी खरंच सरळ मनानं बोलली असेल. पण फोनवालीला त्यात काटा दिसला. मावशी चालत जाणार, काम पक्कं करून येणार आणि उद्या सकाळी बायका पुन्हा मावशीच्या दारात. "कशाला एवढ्या उकाड्यात?" ती म्हणाली. "आत्ता विचारते मी."

आणि ती बांधावर गेली. बायकांकडे पाठ करून तिनं पिशवीतला फोन काढला, पडद्यावर दोनचारदा बोट फिरवलं आणि कानाला लावला.

"हां, मी ताई," ती त्या रिकाम्या खोक्याला म्हणाली. "हो... हो रे. बायका तयार आहेत. टोपल्या तयार आहेत... बरं... नाही नाही, आम्ही कुठं जातोय... बरं. ठेव."

पलीकडे चिटपाखरू नव्हतं. पण बोलता बोलता तिचा आवाज असा लागला, की 'ठेव' म्हणताना तिला खरंच हायसं वाटलं. ती परत आली, सरीत बसली.

"काय म्हणाला?" चिमणीनं विचारलं. चिमणीची सरी नेहमी हिच्या सरीला लागून. लग्न होऊन दोघी एकाच सालात गावात आल्या होत्या.

"दोन दिवस थांबा म्हणाला. मालकाचं नक्की होतंय."

"बघा!" चिमणी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सख्ख्या भावाचं काम आहे, उगा जीव खाता तिचा."

मावशी पुन्हा खाली बसली. त्या दिवशी गवत भराभर निघालं. कुणीतरी गाणंसुद्धा म्हटलं.

मध्ये एक दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या वाफ्यात बायका असताना रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. धाकट्याच्या ट्रॅक्टरचा आवाज फोनवाली लांबून ओळखायची, एक ठोका गाळून चालायचा तो. ती उठली. आनंदानं तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "आला गं!" ती ओरडली. "बोलवायला आला! फोन सोडून स्वतः आला!"

सगळ्या उठल्या. घाईबाई म्हणून एक होती, तिला कशालाच दम नसायचा. तिनं तर डबा पिशवीत कोंबला आणि रस्त्याच्या दिशेनं पळत सुटली. मग ती मध्येच थांबली.

ट्रॅक्टरमागं ट्रॉली होती. ट्रॉलीत पोती रचलेली, काठोकाठ, शिवलेल्या तोंडांतून बटाटे डोकावणारी. आणि पोत्यांवर बायका बसल्या होत्या. अनोळखी. कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात, मांडीवर टोपल्या. सैल विणीच्या.

बायका रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. बाजूनं काढायला जागाच नव्हती. ट्रॅक्टर थांबला, पण बंद झाला नाही. धाकटा वर बसून स्टिअरिंग धरून होता. त्यानं आधी ढगांकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"हे काय?" मावशीनं विचारलं.

 खरं सांगायचं तर त्या घटकेला फोनवालीला भावाचा राग आला नाही. तिला वाटलं, मीच मेली करंटी. ह्यानं फोन केला असेल, करून करून थकला असेल, आणि माझा फोन पोट फाडून घेऊन बसलेला. हे सगळ्या बायकांचं धान्य माझ्या लाजेनं खाल्लं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"मी काय करू?" धाकटा बोलायला लागला. बहिणीशी नाही, सगळ्यांशी. "ताईला किती घंट्या दिल्या! परवा दिल्या, काल सकाळी दिल्या. पूर्ण घंटी वाजून वाजून थांबायची. ही उचलेल तर शपथ! मालक डोक्यावर उभा, वर हे आभाळ. शेवटी आमच्या मेहुण्याच्या टोळीला बोलवावं लागलं. काल निम्मा मळा उरकला."

बायका वळल्या. सगळ्यांचे डोळे फोनवालीवर.

"अगं, उचलला का नाहीस?" घाईबाई किंचाळली. "झोपली होतीस?"

"मिरचीची तोडणी पण घालवली हिच्या मागं!" कुणीतरी म्हणालं.

"थांबा गं," चिमणी म्हणाली. "तिला बोलू तर द्या."

फोनवालीची मान हळूहळू वर आली. तो एक शब्द तिच्या कानात आत्ता कुठं पोचत होता.

"वाजत होता?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! पूर्ण."

"नीट आठव बाळा." लहानपणी म्हणायची तसं बाळा तिच्या तोंडून निघून गेलं. "गडबडीत असशील. बंद लागला असेल. बंद लागला ना?"

ती त्याला वाट काढून देत होती. बंद लागला म्हण रे. एवढं एकच म्हण. मी सगळ्यांच्या शिव्या खाईन, जन्मभर त्या फोनच्या नावानं बोटं मोडीन, पण बंद लागला म्हण. त्याच्या तोंडाकडे ती अशी बघत होती, की पोत्यांवर बसलेल्या बायकासुद्धा पुढं वाकून बघायला लागल्या.

धाकट्याला वाटलं असेल, बहीण सुटायला बघतेय. त्याचा आवाज चढला. "बंद कशाला लागेल? ह्या कानांनी घंटी ऐकलीय. मी काय खोटं बोलतोय? तुझं तू बघ ना, फोन कुठं टाकून फिरतेस ते!"

तिनं पिशवीत हात घातला. फोन काढला. नखानं मागचं झाकण उचकटलं आणि तो तसाच, पाठीकडून, हात उंच करून त्याच्यासमोर धरला. आत चौकोनी खड्डा होता आणि खड्ड्यात थोडी माती.

"बाजाराच्या दिवसापासून हा असा आहे," ती म्हणाली. "बॅटरी दुरुस्तीवाल्याच्या डब्यात पडलीय. हं. वाजव आता. त्या कानांनी ऐक आणि मला पण ऐकव."

 धाकट्यानं एकदा त्या खड्ड्याकडे बघितलं, एकदा मागं पोत्यांवर बसलेल्या आपल्या सासरच्या माणसांकडे.

"ताई, तिनं जीव खाल्ला माझा," तो हळू म्हणाला. "तिचा भाऊ रोज घरी येऊन बसायचा. मी काय..."

"मग येऊन सांगायचंस! दे म्हटलं असतं मी त्यांना. रडले असते, पण दे म्हटलं असतं." तिचा आवाज फाटला. "कडेवर वागवलं रे तुला. ह्या कमरेवर. तू शब्द मोडलास ते सोड, पण वर मलाच चोर केलंस? माझ्या माणसांसमोर?"

त्यानं गिअर टाकला. बायका बाजूला झाल्या आणि ट्रॉली पुढून सरकली. एका पोत्यातून चारदोन बटाटे गळून रस्त्यावर गडगडले. कुणी उचलले नाहीत. धूळ खाली बसेपर्यंत सगळ्या तिथंच उभ्या होत्या.

"मेल्याचं वाटोळं होईल," घाईबाई म्हणाली. "सख्खी बहीण गं! आणि आम्ही हिलाच बोलत होतो." दोघीतिघींनी मान डोलावली. कुणीतरी फोनवालीच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, आता रडू आलं तरी चालेल.

चिमणीनं तिच्या हातातला फोन घेतला होता. ती तो उलटासुलटा करत होती. खड्ड्यात बोट घालून तिनं आतली माती काढली. मग तिचं बोट थांबलं.

"बाजाराच्या दिवसापासून?" तिनं विचारलं.

"हो."

"मग परवा बांधावर कुणाशी बोलत होतीस?"

पाठीवरचा हात निघाला. फोनवालीनं तोंड उघडलं. वाऱ्याची झुळूकही नव्हती, लांबवर ट्रॅक्टरचा एक ठोका गाळून चाललेला आवाज तेवढा येत होता.

"कुणाशीच नाही," ती म्हणाली.

"परवा मी जाणार होते," मावशी म्हणाली. रागानं नाही, नुसतं आठवल्यासारखं. "परवा अजून मळा उभा होता."

चिमणीनं झाकण फोनवर बसवलं, नीट चारी बाजूंनी दाबून, आणि फोन तिच्या हातात परत दिला. मग सगळ्या शेतात आल्या, कारण शेवटचा वाफा अजून खुरपायचा राहिला होता. फोनवाली आपल्या सरीत बसली. शेजारच्या सरीतून चिमणीनं आपला डबा उचलला, खुरपं उचललं, आणि पलीकडे मावशीच्या बाजूला जाऊन बसली.